‘प्लॅन टू’, ‘प्लॅन ऑन’ की ‘प्लॅन फॉर’? इंग्रजीत बेत नेमका कसा लिहायचा

इंग्रजी मेलमध्ये किंवा अर्जात पुढचा बेत सांगायची वेळ आली की हात आपसूक ‘प्लॅन’कडे जातो. शब्द ओळखीचा आहे, मराठीत कधीचा रुळलाय, आणि गोची होते ती त्यामुळेच. आपल्याकडे ‘जायचा प्लॅन आहे’, ‘प्लॅन करतोय’, ‘प्लॅनिंग चाललंय’, ‘आमचं प्लॅनिंग असं आहे की...’ यातलं काहीही चालतं. इंग्रजीत मात्र या शब्दापाठोपाठ ‘टू’ येतो, ‘ऑन’ येतो, ‘फॉर’ येतो की काहीच येत नाही, यावर वाक्याचा अर्थ ठरतो. मसुदे तपासताना दिसतं ते असं, की लिहिणाऱ्याला व्याकरण येत असतं. बेत कोणाचा, काम कोण करणार आणि गोष्ट कितपत ठरलेली आहे, हे तीन प्रश्न लिहिण्याआधी विचारलेले नसतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीतच दिली आहेत. मोठ्याने वाचून पाहा, कानाला लवकर सवय होते.

पहिली पायरी: ‘प्लॅन टू’ पक्कं करा

बेत तुमचा आणि काम करणारेही तुम्हीच, तर ‘प्लॅन टू’ आणि त्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘वी प्लॅन टू स्टार्ट द वर्क इन जून.’ ‘शी प्लॅन्स टू अप्लाय अगेन.’ ‘दे प्लॅन्ड टू लीव्ह अर्ली.’

काळ आणि वचनाचा सगळा बदल ‘प्लॅन’वर होतो, पुढचं क्रियापद जागचं हलत नाही. म्हणून ‘शी प्लॅन्स टू अप्लाइज’ चूक आणि ‘दे प्लॅन्ड टू लेफ्ट’ही चूक. दुसरी चूक फार वेळा दिसते, कारण भूतकाळातलं वाक्य लिहिताना आपल्याला प्रत्येक क्रियापद भूतकाळात ढकलायचा मोह होतो.

तिसरी चूक ‘वी प्लॅन टू स्टार्टिंग’. ही येते ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ या घोटून पाठ केलेल्या वाक्यातून. तिथे ‘टू’नंतर ‘-इंग’ चालतं, मग इथे का नाही? कारण दोन्ही ‘टू’ वेगळे आहेत. ओळखायची युक्ती सोपी आहे: ‘टू’पुढे क्रियापदाऐवजी एखादं नाम ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ नीट बसतं, म्हणजे तो ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा आहे आणि त्याला ‘-इंग’ रूप चालतं. ‘प्लॅन टू द हॉलिडेज’ बसत नाही. म्हणजे हा ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटलेला आहे.

नकार लिहिताना जरा थांबा. ‘वी डोन्ट प्लॅन टू रिप्लाय’ म्हणजे उत्तर द्यायचा आमचा बेत नाही. ‘वी प्लॅन नॉट टू रिप्लाय’ म्हणजे उत्तर द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय. दुसऱ्यात हट्ट आहे. साध्या पत्रव्यवहारात पहिलं वापरावं.

दुसरी पायरी: ‘प्लॅन ऑन’ कधी

‘प्लॅन ऑन’पुढे ‘-इंग’ रूप येतं किंवा सरळ नाम. ‘आय प्लॅन ऑन स्टेइंग टिल फ्रायडे.’ अर्थ ‘आय प्लॅन टू स्टे’चाच. फरक सुराचा: ‘प्लॅन ऑन’ बोलण्यातलं, मोकळं रूप आहे, अमेरिकी बोलण्यात विशेष ऐकू येणारं. अहवाल, अर्ज, प्रस्ताव, करारासंबंधीचं पत्र अशा ठिकाणी ‘टू’च घ्यावा, ‘ऑन’ तिथे चूक ठरत नाही, पण सैल वाटतो.

एवढ्यावर थांबलात तर मात्र ‘प्लॅन ऑन’ची खरी गंमत हातून सुटेल. त्याला दुसरा अर्थ आहे, गृहीत धरणं. ‘वी हॅडन्ट प्लॅन्ड ऑन सो मेनी पीपल कमिंग.’ इतकी माणसं येतील असं आम्ही धरलंच नव्हतं. इथे येणारी माणसं दुसरी आहेत, त्यांच्या येण्याचा बेत आपण करत नाही, फक्त अंदाज बांधतो. या जागी ‘प्लॅन टू’ बसवताच येत नाही. तसंच ‘प्लॅन ऑन थ्री अवर्स फॉर द जर्नी’: प्रवासाला तीन तास धरून चाला. सूचनापत्रात ही रचना फार उपयोगाची आहे, आणि आपल्याकडचे लिहिणारे ती जवळजवळ वापरतच नाहीत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे ती या दोघांची खिचडी: ‘वी आर प्लॅनिंग ऑन टू गो’. ‘ऑन’ घेतला की ‘टू’ सोडा, ‘टू’ घेतला की ‘ऑन’ सोडा. एकाच वाक्यात दोन कामांचा बेत असेल तर दोन्हीकडे रचना एकच ठेवा. ‘वी प्लॅन टू व्हिजिट द साइट अँड ऑन रायटिंग अ रिपोर्ट’ हे लंगडं वाक्य. ‘वी प्लॅन टू व्हिजिट द साइट अँड राइट अ रिपोर्ट’ सरळ.

तिसरी पायरी: ‘फॉर’ लावायचा की काहीच नाही

इथे अर्थाचा फरक सगळ्यात जास्त पडतो, म्हणून थोडं सावकाश.

‘वी आर प्लॅनिंग अ मीटिंग’ म्हणजे बैठक आम्ही ठरवतोय. तारीख, जागा, कोणाला बोलवायचं, सगळं आमच्या हातात. ‘वी आर प्लॅनिंग फॉर अ मीटिंग’ म्हणजे बैठक होणार आहे, कदाचित दुसऱ्याच कोणीतरी बोलावली आहे, आणि आम्ही तिची तयारी करतोय. एका ‘फॉर’मुळे यजमान बदलला. मराठीत दोन्हींना ‘मीटिंगचं प्लॅनिंग चाललंय’ म्हणून मोकळं होता येतं, त्यामुळे इंग्रजी लिहिताना हा फरक ध्यानात येत नाही. मग एखाद्या साध्या मेलमध्ये वरिष्ठांनी बोलावलेली बैठक ‘वी आर प्लॅनिंग अ मीटिंग’ अशी उतरते आणि वाचणारा विचारात पडतो, की ही अजून एक कुठली?

आता ‘ऑन’ आणि ‘फॉर’ शेजारी ठेवा. ‘प्लॅन फॉर रेन’: पाऊस येईल न येईल, आला तर अडचण होऊ नये अशी तयारी ठेवा. ‘प्लॅन ऑन रेन’: पाऊस येणार असंच धरून चला. पहिल्यात शक्यता आहे, दुसऱ्यात जवळजवळ खात्री. कामाचा अंदाज देताना हा फरक पैशावर आणि वेळेवर जातो. ‘वी हॅव प्लॅन्ड फॉर डिलेज’ म्हटलं तर उशीर झाला तरी आमची सोय आहे. ‘वी आर प्लॅनिंग ऑन डिलेज’ म्हटलं तर ग्राहकाला वाटेल, यांनी उशीर करायचं आधीच ठरवलंय.

‘प्लॅन अबाउट’ लिहू नका. ‘बद्दल’चा तो थेट अनुवाद आहे आणि इंग्रजीत तो चालत नाही.

चौथी पायरी: बेत आपला, काम दुसऱ्याचं

‘प्रशिक्षणार्थींनी नऊला यावं असा आमचा प्लॅन आहे.’ हे वाक्य इंग्रजीत नेताना भलेभले अडखळतात. सरळ उतरवलं की होतं ‘वी प्लॅन दॅट द ट्रेनीज शुड कम ॲट नाइन’. वाचणाऱ्याला कळतं, पण इंग्रजीत ‘प्लॅन’ या क्रियापदाला असं ‘दॅट’वालं शेपूट सहसा लागत नाही. ‘सजेस्ट दॅट’ चालतं, ‘डिसाइड दॅट’ चालतं, त्यावरून आपण ‘प्लॅन दॅट’ही चालवून घेतो.

उपाय असा, की ‘प्लॅन’चं नाम करा आणि काम करणाऱ्याला ‘फॉर’ने आणा: ‘द प्लॅन इज फॉर द ट्रेनीज टू अराइव्ह ॲट नाइन.’ या एका साच्यात पुष्कळ काही बसतं. ‘द प्लॅन इज फॉर बोथ टीम्स टू शेअर वन ऑफिस.’ ‘द ओरिजिनल प्लॅन वॉज फॉर हर टू स्पीक फर्स्ट.’ बेत नेमका कोणाचा हे यात सांगावं लागत नाही, हा एक जादा फायदा. कधीकधी ते न सांगणंच सोयीचं असतं. मालकी दाखवायचीच असेल तर ‘अवर प्लॅन इज फॉर...’ असं सुरू करा.

दुसरी वाट ‘हॅव’ची: ‘वी प्लॅन टू हॅव द ट्रेनीज अराइव्ह ॲट नाइन’. हीही शुद्ध आहे, पण तिच्यात हुकमाचा वास येतो. बरोबरीच्या माणसांबद्दल लिहिताना पहिली वाट घ्यावी.

याच ओघात एक सूचना. बेत माणसं करतात किंवा संस्था करतात. ‘द रिपोर्ट प्लॅन्स टू शो’ असं लिहिलं की अहवालाला डोकं फुटतं. तिथे ‘एम्स टू’ घाला.

पाचवी पायरी: वार आणि तारीख कुठे टाकायची

‘द मीटिंग वॉज प्लॅन्ड ऑन मंडे.’ या वाक्यात बैठक सोमवारी आहे, की बैठक घ्यायचं सोमवारी ठरलं? इंग्रजी वाचणारा दुसरा अर्थ घेण्याची शक्यता जास्त. घटना ज्या दिवशी व्हायची तो दिवस ‘फॉर’ने सांगतात: ‘द मीटिंग इज प्लॅन्ड फॉर मंडे.’ ‘शेड्यूल्ड’लाही हाच नियम लागतो.

‘वी प्लॅन टू मीट ऑन मंडे’ मात्र बिनचूक आहे, कारण इथला ‘ऑन मंडे’ ‘मीट’ला लागून आहे. म्हणून तारीख नेहमी ज्या क्रियेची आहे तिच्या शेजारी बसवा.

सहावी पायरी: ‘प्लॅन’ की ‘प्लॅनिंग’

मराठी बोलताना आपण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. इंग्रजीत ‘प्लॅन’ म्हणजे तयार झालेली गोष्ट, मोजता येणारी: एक प्लॅन, तीन प्लॅन्स. ‘प्लॅनिंग’ म्हणजे ती तयार करण्याची क्रिया, न मोजता येणारी. तिच्याआधी ‘अ’ लागत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘प्लॅन’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो जमिनीच्या सपाटीवर आखलेला आराखडा या अर्थाने, आणि ‘फ्लोअर प्लॅन’मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. कागदावर आखून झालेलं काहीतरी, असं डोळ्यांसमोर ठेवलं की ‘प्लॅन’ कुठे आणि ‘प्लॅनिंग’ कुठे हे चुकत नाही.

हा फरक किती टोकदार होऊ शकतो, ते अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या नोव्हेंबर १९५७ मधल्या भाषणात दिसतं. सैन्यात ऐकलेलं वाक्य म्हणून त्यांनी सांगितलं: ‘प्लॅन्स आर वर्थलेस, बट प्लॅनिंग इज एव्हरीथिंग.’ आखून ठेवलेले बेत ऐन वेळी कुचकामी ठरतात, पण आखणी करताना जो विचार होतो तोच कामी येतो. दोन्ही शब्द एकच मानले तर हे वाक्य निरर्थक होईल.

तेव्हा ‘माय प्लॅनिंग इज टू अप्लाय’ खोडा, ‘माय प्लॅन इज टू अप्लाय’ लिहा. ‘आय हॅव अ प्लॅनिंग’ तर कुठेच नको. नामापुढेही ‘टू’ आणि ‘फॉर’ची वाटणी आहे: क्रिया सांगायची तर ‘अ प्लॅन टू रिड्यूस वेस्ट’, वस्तू किंवा विषय सांगायचा तर ‘अ प्लॅन फॉर द न्यू वेबसाइट’. ‘प्लॅन ऑफ ॲक्शन’ हा ठरून गेलेला शब्दसमूह आहे, तो आहे तसाच घ्यायचा.

एकवचन आणि अनेकवचनातही फसगत होते. ‘आय हॅव अ प्लॅन’ म्हणजे माझ्या डोक्यात युक्ती आहे. ‘आय हॅव प्लॅन्स’ म्हणजे मला त्या वेळी दुसरीकडे जायचंय, मी मोकळा नाही. कोणी शनिवारचं आमंत्रण दिलं आणि तुम्ही नम्रपणे नकार द्यायला ‘सॉरी, आय हॅव अ प्लॅन’ लिहिलंत, तर समोरचा ती युक्ती ऐकायला थांबेल.

सातवी पायरी: ‘ठरल्याप्रमाणे’

सगळं ठरल्याप्रमाणे झालं, यासाठी इंग्रजीत दोन तयार वाक्प्रचार आहेत: ‘एव्हरीथिंग वेंट ॲज प्लॅन्ड’ आणि ‘एव्हरीथिंग वेंट ॲकॉर्डिंग टू प्लॅन’. दुसऱ्यात ‘द’ नाही, हे बघून ठेवा. ‘ॲकॉर्डिंग टू द प्लॅन’ असं ‘द’ घालून लिहिलं की वाचणारा एखाद्या विशिष्ट कागदाकडे बघतो: ‘ॲकॉर्डिंग टू द प्लॅन, द फर्स्ट फेज एंड्स इन मार्च.’ म्हणजे आराखड्यात तसं लिहिलंय. प्रत्यक्षात काय झालं ते अजून सांगितलेलं नाही. ‘ॲज पर प्लॅनिंग’ कचेरीतल्या टिपणीत कितीही खपत असलं तरी बाहेर पाठवायच्या पत्रात नको.

‘प्री-प्लॅन’, ‘ॲडव्हान्स प्लॅनिंग’, ‘फ्यूचर प्लॅन्स’ हे शब्द शब्दकोशात सापडतील, पण कसलेला संपादक त्यांचं पहिलं अर्धं उडवतो. बेत आधीच करायचा असतो आणि पुढचाच असतो. ‘प्लॅन अहेड’ मात्र रूढ आहे, त्याला हात लावू नका.

स्पेलिंगचं एकच सांगतो. ‘प्लॅन्ड’, ‘प्लॅनिंग’, ‘प्लॅनर’ या तिन्हींत ‘एन’ दोनदा येतो. एकच ‘एन’ टाकलात तर शब्द होतो ‘प्लेनिंग’, म्हणजे लाकडाला रंधा मारणं. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर यावर बहुधा लाल रेघ मारत नाही, कारण तोही खरा शब्द आहे.

आठवी पायरी: बेत किती पक्का, ते शब्दातून दिसू द्या

‘होप टू’ म्हणजे जमलं तर बरं. ‘प्लॅन टू’ म्हणजे ठरवलंय, पण बदलू शकतं. ‘इंटेंड टू’ म्हणजे मनाशी निश्चय आहे, सूर जरा औपचारिक. ‘विल’ म्हणजे करणार, आणि लिखित व्यवहारात तो शब्द दिल्यासारखाच वाचला जातो. ‘एक्स्पेक्ट टू’ थोडा बाजूला बसतो; तो परिस्थिती बघून केलेला अंदाज सांगतो.

या उतरंडीकडे वकील फार बारकाईने बघतात. अमेरिकेत १९९५ च्या रोखे खटलेविषयक कायद्याने कंपन्यांच्या भविष्यविषयक विधानांना काही अटींवर संरक्षण दिलं. तेव्हापासून तिथल्या कंपन्यांच्या अहवालांत एक ठरावीक परिच्छेद असतो: ‘एक्स्पेक्ट’, ‘इंटेंड’, ‘बिलीव्ह’, ‘प्लॅन’ असे शब्द आले की ते विधान भविष्याबद्दलचं समजावं आणि प्रत्यक्षात वेगळंही घडू शकतं. तुम्ही ‘वी प्लॅन टू डिलिव्हर बाय फ्रायडे’ लिहिता तेव्हा समोरच्याला शुक्रवारची हमी मिळत नाही. हमी द्यायची असेल तर ‘वी विल डिलिव्हर’ लिहा. द्यायची नसेल तर ‘विल’ चुकूनही येऊ देऊ नका.

भूतकाळात ‘प्लॅन’ला वेगळीच छटा येते. ‘वी प्लॅन्ड टू कॉल यू’ वाचलं की समोरचा पुढच्या ‘बट’ची वाट बघतो. ‘वी हॅड प्लॅन्ड टू कॉल यू’मध्ये तर फोन केला नाही हे जवळपास कबूलच होतं. फोन खरंच केला असेल तर ‘ॲज प्लॅन्ड, वी कॉल्ड यू’ लिहावं. आणि ‘वी हॅड प्लॅन्ड टू हॅव कॉल्ड’ असा दुहेरी भूतकाळ रचू नका; एकदा मागे गेलं की पुरे.

‘आय प्लॅन टू’ आणि ‘आय ॲम प्लॅनिंग टू’ यांत फरक बारीक आहे. दुसरं किंचित मऊ, अजून विचार चालू असल्यासारखं. अर्जात पहिलं, ओळखीच्या माणसाला लिहिताना दुसरं.

एक मसुदा हातात घेऊन

आता हे सगळं एका मेलवर लावून बघू. मूळ मजकूर असा धरू:

‘वी आर हॅविंग अ प्लॅनिंग टू कंडक्टिंग द ट्रेनिंग. इट इज प्लॅन्ड ऑन फ्रायडे. वी प्लॅन दॅट ऑल ट्रेनीज शुड रीच ॲट नाइन. वी हॅव प्री-प्लॅन्ड फिफ्टी पीपल. एव्हरीथिंग इज गोइंग ॲज पर अवर प्लॅनिंग.’

पहिल्या वाक्यात तीन गाठी आहेत: ‘हॅविंग’, ‘अ प्लॅनिंग’ आणि ‘टू कंडक्टिंग’. सोडवल्या की उरतं ‘वी प्लॅन टू कंडक्ट द ट्रेनिंग’. दुसऱ्यात ‘ऑन’चा ‘फॉर’ करा, पण त्याआधी लिहिणाऱ्याला विचारा, शुक्रवार पक्का आहे का? पक्का असेल तर पहिली दोन्ही वाक्यं जोडून ‘द ट्रेनिंग विल बी हेल्ड ऑन फ्रायडे’ एवढंच पुरतं. ठरलेल्या गोष्टीला बेत म्हणत राहिलं की लोक तारीख बदलेल या आशेवर राहतात.

तिसरं वाक्य ‘फॉर’च्या साच्यात घातलं तर ‘द प्लॅन इज फॉर ऑल ट्रेनीज टू अराइव्ह ॲट नाइन’. शुद्ध झालं, पण सूचना म्हणून कमजोर. मेल प्रशिक्षणार्थींनाच जाणार असेल तर ‘प्लीज अराइव्ह बाय नाइन’ लिहा. त्यांच्या वरिष्ठांना जाणार असेल तर ‘द प्लॅन इज फॉर...’ ठेवा.

चौथ्या वाक्यापाशी लिहिणाऱ्याला पुन्हा विचारावं लागतं. पन्नास माणसं येतील असं धरलंय, तर ‘वी आर प्लॅनिंग ऑन फिफ्टी पीपल’. पन्नासांची सोय करून ठेवलीय, येतील तितके येतील, तर ‘वी हॅव प्लॅन्ड फॉर फिफ्टी’. समजा सोय केली आहे.

शेवटचं वाक्य खोडा. मेलच्या शेवटी सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय असं कोणी विचारलेलं नसताना सांगितलं की उलट शंका येते. उरलं ते असं:

‘द ट्रेनिंग विल बी हेल्ड ऑन फ्रायडे. प्लीज अराइव्ह बाय नाइन. वी हॅव प्लॅन्ड फॉर फिफ्टी, सो देअर विल बी रूम फॉर एव्हरीवन.’

पाच वाक्यांत पाच वेळा आलेला शब्द आता एकदाच आलाय. तुमच्याकडे शुक्रवार अजून पक्का नसेल तर पहिलं वाक्य ‘द ट्रेनिंग इज प्लॅन्ड फॉर फ्रायडे, वी विल कन्फर्म द डेट बाय वेन्सडे’ असं करा आणि बुधवारी तो मेल खरंच पाठवा.